पुण्यात घटस्फोट घेताय? आधी अटी लिहा, मग अर्ज करा

ओळखीत कुणाचं बिनसलं की हल्ली मला फोन येतो. माझं प्रकरण शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात भांडणाच्या अर्जाने सुरू झालं आणि परस्पर संमतीने संपलं, त्यामुळे दोन्ही रस्ते थोडेथोडे पायाखालून गेलेत. फोनवर पहिला प्रश्न ठरलेला असतो: "किती महिने लागतात गं?" महिने किती लागतील, हे पैसा, घर आणि मूल या तिघांचं तुमच्यात किती ठरलंय यावर अवलंबून असतं. ठरलंय आणि नेमकं लिहिलंय, तर कोर्टाचं काम सरळ जातं. "ते नंतर बघू" असं ठेवलेलं प्रत्येक कलम पुढे तारखा खातं.

मी वकील नाही. खाली लिहिलंय ते वकिलाकडे जायच्या आधी माहीत असावं म्हणून. प्रत्येकाचं प्रकरण वेगळं असतं, तेव्हा सही करण्याआधी तुमच्या वकिलाचं मत घ्याच.

१. आपल्याला कोणता कायदा लागू आहे ते बघा

हिंदू, बौद्ध, जैन, शीख यांच्या रीतीने झालेल्या लग्नाला हिंदू विवाह कायदा, १९५५ लागू होतो. विवाह अधिकाऱ्यासमोर नोटीस देऊन लग्न केलं असेल तर विशेष विवाह कायदा, १९५४. इथे गोंधळ फार होतो. मंगल कार्यालयात विधिवत लग्न करून नंतर महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात नोंदणी केली, तर ती फक्त नोंदणी; ते 'कोर्ट मॅरेज' नव्हे. तुमच्या दाखल्यावर कोणत्या कायद्याचं नाव छापलंय ते वाचा, वकिलाचा पहिला प्रश्न तोच असेल. ख्रिस्ती, पारशी आणि मुस्लिम जोडप्यांचे कायदे वेगळे आहेत. मी पुढे लिहितेय ते मुख्यतः १९५५ च्या कायद्याबद्दल. पैसा, घर आणि कागद यांबद्दलचं मात्र सगळ्यांनाच उपयोगी पडेल.

अर्ज पुण्यात चालेल का? लग्न पुण्यात झालं असेल, समोरची व्यक्ती पुण्यात राहत असेल, दोघं शेवटचं एकत्र पुण्यात राहिले असाल, किंवा अर्ज करणारी पत्नी सध्या पुण्यात राहत असेल, तर चालतो. म्हणजे लग्न नागपूरला, संसार बंगळुरूला, पण मुलगी आता सिंहगड रोडला आईकडे राहत असेल, तर तिला इथे अर्ज करता येतो.

लग्नाला वर्ष व्हायच्या आत घटस्फोटाचा अर्ज सहसा घेत नाहीत. असाधारण त्रास असेल तर वेगळी परवानगी मागावी लागते.

२. स्टॅम्पपेपरवरची सोडचिठ्ठी म्हणजे घटस्फोट नव्हे

हे अजूनही चालतं आणि शिकलेली माणसंही फसतात. पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर "आम्ही राजीखुशीने विभक्त झालो" असं लिहून नोटरीचा शिक्का मारला की झालं, असं कुणीतरी सांगतं. त्या कागदाने लग्न मोडत नाही. त्याच्या भरवशावर दुसरं लग्न केलंत तर ते अवैध ठरतं आणि गुन्हाही होऊ शकतो. काही समाजांमध्ये काडीमोडाची जुनी रूढी आहे आणि कायद्याने रूढीला जागाही ठेवली आहे, पण ती रूढी खरोखर आहे हे कोर्टात सिद्ध करावं लागतं. जातपंचायत दंड लावून फारकत देत असेल, वाळीत टाकायची धमकी देत असेल, तर महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा स्वतंत्र कायदा आहे. दंड भरू नका, पोलिसांत जा.

३. संमतीचा रस्ता की भांडणाचा?

संमतीने (सगळे 'म्युच्युअल' म्हणतात) घटस्फोट घ्यायचा तर कलम १३ ब. अर्जाआधी किमान एक वर्ष दोघं वेगळे राहिलेले हवेत. वेगळं राहणं म्हणजे पती-पत्नी म्हणून न नांदणं. नाइलाजाने एकाच फ्लॅटमध्ये दोन खोल्यांत राहणारी जोडपीही यात बसू शकतात, फक्त ते कोर्टाला पटायला हवं. अर्ज दिल्यावर सहा महिने थांबायचं आणि अठरा महिन्यांच्या आत दोघांनी पुन्हा संमती सांगायची, असा मूळ नियम आहे. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हे सहा महिने बंधनकारक नाहीत. समेटाचे प्रयत्न संपले असतील, पोटगी आणि मुलांचं ठरलं असेल, आणि वेगळं राहून आधीच पुरेसा काळ (अर्जाआधीचं एक वर्ष अधिक हे सहा महिने) झाला असेल, तर न्यायाधीश ही मुदत माफ करू शकतात. त्यासाठी वेगळा अर्ज द्यावा लागतो. माफी हक्काने मिळत नाही, म्हणून दुसऱ्या लग्नाचा हॉल बुक करायच्या भानगडीत पडू नका.

एक खाच लक्षात ठेवा. अंतिम हुकूम होईपर्यंत दोघांपैकी कुणीही संमती मागे घेऊ शकतं. म्हणूनच अटी पक्क्या असणं आणि पैसे टप्प्याटप्प्याने देणं, दोन्ही महत्त्वाचं.

संमती नसेल तर कलम १३ खाली कारण सिद्ध करावं लागतं: क्रूरता, दोन वर्षं सोडून जाणं, विवाहबाह्य संबंध, धर्मांतर, गंभीर मानसिक आजार वगैरे. "आमचं जमत नाही" हे कारण कौटुंबिक न्यायालयात चालत नाही. लग्न पार मोडलंय एवढ्यावर घटस्फोट द्यायचा अधिकार राज्यघटनेच्या कलम १४२ खाली फक्त सर्वोच्च न्यायालय वापरतं. २०२३ च्या घटनापीठाच्या निकालाने तो स्पष्ट झाला. व्हॉट्सअॅपवर फिरणारं "आता कुणालाही लगेच मिळतो" हे त्या निकालाचं चुकीचं वाचन आहे.

माझं मत विचाराल तर: हिंसा नसेल तर थोडं कमी घेऊन, थोडं जास्त देऊन संमतीवर या. भांडणाच्या प्रकरणात वर्षं जातात, आणि निकालाला अपील होतं ते वेगळंच.

४. वकील कसा बघायचा

कौटुंबिक न्यायालयात वकील हा हक्क नाही, परवानगीचा विषय आहे. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्यात तसंच लिहिलंय. व्यवहारात परवानगीचा अर्ज देऊन वकील उभे राहतात, पण न्यायाधीश थेट तुम्हाला प्रश्न विचारतात. त्यामुळे आपल्या अर्जात काय लिहिलंय हे स्वतःला तोंडपाठ हवं. इंग्रजी अर्ज समजला नाही तर मराठीत समजावून घ्या, तोवर सही नाही.

फी एकरकमी की तारखेगणिक, मुंबईला जावं लागलं तर किती, हे आधीच विचारा आणि मेसेजवर लिहून घ्या. कोऱ्या कागदावर सही देऊ नका. मूळ कागद वकिलाकडे ठेवू नका, झेरॉक्स द्या. दोघांचा मिळून एकच वकील चालतो, पण घर किंवा मूल मध्ये असेल तर अटींचा मसुदा तरी स्वतंत्र वकिलाला एकदा दाखवून घ्या. आणि पहिल्याच भेटीत "आधी चारशे अठ्ठ्याण्णव (सासरच्या छळाचं फौजदारी कलम, ४९८ अ) टाकू, मग ते आपोआप टेबलावर येतील" म्हणणाऱ्यापासून लांब राहा. खरा छळ असेल तर तक्रार करायलाच हवी, पण सौद्यासाठी केलेली फौजदारी केस नंतर दोन्ही घरांच्या गळ्यात पडते.

वकील परवडत नसेल तर शिवाजीनगरलाच जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. हेल्पलाइन १५१००. घटस्फोट आणि पोटगीच्या प्रकरणांत स्त्रियांना महाराष्ट्रात कोर्ट फीही माफ आहे, १९९४ पासून. हे कुणी आपणहून सांगत नाही.

५. कागद गोळा करा, आणि ते घर सोडायच्या आधी

- लग्नाचा दाखला. नसेल तर पत्रिका, लग्नातले फोटो आणि शपथपत्र.
- दोघांचे आधार, पॅन, पत्त्याचा पुरावा, पासपोर्ट साइज फोटो.
- मुलांचे जन्मदाखले, शाळेच्या फीच्या पावत्या, लसीकरणाचं कार्ड, पासपोर्ट.
- तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं, पगाराच्या स्लिपा, बँकेची स्टेटमेंट.
- घराचा करारनामा, इंडेक्स दोन (नोंदणीचा उतारा), कर्जाचं स्टेटमेंट, सोसायटीचं भागपत्र.
- दागिन्यांच्या पावत्या, नसल्यास लग्नातले फोटो ज्यात दागिने ओळखू येतात.
- विमा, पीएफ, म्युच्युअल फंड, डीमॅट यांची नोंद; निदान खाते क्रमांक.
- आधीची कुठलीही केस, पोलिस अर्ज, नोटीस यांच्या प्रती.

सगळं स्कॅन करून अशा ईमेलवर ठेवा ज्याचा पासवर्ड जोडीदाराला माहीत नाही. फोनचा जुना पॅटर्न आणि संयुक्त खात्याचा नेटबँकिंग पासवर्डही त्याच दिवशी बदला. संयुक्त खातं रिकामं करू नका. तुमच्या वाट्याचं काढलंत तरी हिशेब ठेवा, कारण तो उद्या विचारला जाणार.

६. अटींचा मसुदा: सगळा वेळ इथे घाला

संमतीच्या अर्जाला जोडतात त्या 'कन्सेंट टर्म्स'. माझ्या लेखी घटस्फोट म्हणजे हाच कागद. कोर्ट त्यावर शिक्का मारतं. आमच्या मसुद्यात पहिल्यांदा "पक्षकार आपसात ठरवतील" हे शब्द बऱ्याच ठिकाणी होते. ते वाक्य दिसलं की खोडा आणि तिथे तारीख, रक्कम, ठिकाण लिहा. आपसात ठरवता आलं असतं तर तुम्ही इथे नसता.

पोटगी. एकरकमी की दरमहा, हे आधी ठरवा. एकरकमी असेल तर काही रक्कम अर्ज दाखल करताना आणि उरलेली अंतिम तारखेला कोर्टातच डिमांड ड्राफ्टने, ही रीत दोघांनाही सुरक्षित. दरमहा असेल तर कितव्या तारखेला, कोणत्या खात्यात, दरवर्षी किती वाढ, हे लिहा. पगाराच्या पंचवीस टक्के मिळतात असं सर्रास सांगितलं जातं. एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने तेवढं प्रमाण रास्त मानलं होतं, पण तो ठोक नियम नाही. उत्पन्न, शिक्षण, संसारात घातलेली वर्षं, आजार, अवलंबून असलेले आईवडील, सगळं बघतात. १९५५ च्या कायद्याखाली नवराही पोटगी मागू शकतो. कराच्या दृष्टीने एकरकमी पोटगी सर्वसाधारणपणे उत्पन्न धरत नाहीत, दरमहाची धरतात, आणि देणाऱ्याला वजावट नाही. मोठी रक्कम असेल तर सीएशी बोलूनच पर्याय निवडा.

पोटगी सोडत असाल तर ती तुमची सोडता येते, मुलाची नाही. मुलाचा हक्क मुलाचा असतो. "आई मुलासाठी काही मागणार नाही" असं लिहून घेतलं तरी ते टिकायला अवघड.

मूल. पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा सर्वसाधारणपणे आईकडे, असं १९५६ च्या पालकत्वाच्या कायद्यात आहे. त्यापुढे मुलाचं हित. कागदावर ताब्यापेक्षा भेटीचं वेळापत्रक जास्त भांडणं लावतं, म्हणून त्यात कंजुषी नको. कोणते शनिवार-रविवार, किती वाजता न्यायचं, किती वाजता आणायचं. दिवाळीची सुट्टी अर्धी-अर्धी, आणि लक्ष्मीपूजन कुणाकडे? मे महिन्याच्या सुट्टीचा पहिला अर्धा कुणाचा? गौरी-गणपती बाबांच्या घरी असतात, तर ते दिवस बाबांचे आणि विसर्जनाची मिरवणूक बघायची ती कुणाबरोबर, हेही आम्ही लिहिलं. वकिलांना हसू आलं, पण त्या कलमावर आजवर वाद झालेला नाही. मुलाला घ्यायचं-सोडायचं ते दारात नाही, सोसायटीच्या गेटवर किंवा शाळेत. आजी-आजोबांची भेट आणि रोजच्या व्हिडिओ कॉलची वेळही लिहा.

शिवाय: शाळेची फी, क्लास, बस, वैद्यकीय खर्च कोण आणि किती टक्के. कॉलेजचा खर्च कुठल्या वयापर्यंत. शाळेच्या नोंदीत दोघांची नावं आणि प्रगतिपुस्तक दोघांना. पासपोर्टसाठी दोघांची संमती लागते, ती कोण किती दिवसांत देईल. मुलाला घेऊन दुसऱ्या शहरात किंवा परदेशी जायचं असेल तर किती आधी कळवायचं. हिंजवडीतली नोकरी उद्या हैदराबादला किंवा डब्लिनला जाऊ शकते, म्हणून हे शेवटचं कलम पुणेकरांनी टाळू नये.

घर. आपल्याकडे घटस्फोटात मालमत्ता आपोआप निम्मी होत नाही. घर कुणाच्या नावावर आणि पैसे कुणी भरले, यावर बोलणी होतात. संयुक्त गृहकर्ज हा खरा काटा. "यापुढे हप्ते तो भरेल" असं तुम्ही अटींत लिहिलं आणि कोर्टाने मान्य केलं, तरी बँक त्या करारात नसते. त्याने हप्ता चुकवला तर बँक तुमच्याही मागे लागते आणि तुमचा सिबिल स्कोअर पडतो. म्हणून ज्याला घर ठेवायचंय त्याची एकट्याच्या उत्पन्नावर पात्रता बँकेकडून तपासून घ्या, आणि दुसऱ्याचं नाव सहकर्जदार म्हणून कमी झाल्याचं पत्र अंतिम तारखेच्या आधी मागा. जमत नसेल तर घर विकून कर्ज फेडणं आणि उरलेलं वाटणं हे कटकटीचं वाटलं तरी स्वच्छ.

घरातला हिस्सा एकाच्या नावावर करायचा तर दुय्यम निबंधकाकडे नोंदणी हवी. राहत्या घराचं पती-पत्नींमधलं बक्षीसपत्र महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात मोठी सवलत घेतं. हुकूमनामा (घटस्फोटाचा अंतिम हुकूम) झाला की तुम्ही पती-पत्नी राहत नाही, सवलतही जाते. क्रम नीट लावला तर लाखो रुपये वाचतात, म्हणून हा मुद्दा वकिलाच्या कानावर पहिल्याच भेटीत घाला.

स्त्रीधन. लग्नात माहेरून, सासरहून, नातेवाइकांकडून स्त्रीला मिळालेलं स्त्रीधन तिचं असतं, लॉकर कुणाच्याही नावावर असो. पाटल्या, तोडे, ठुशी, मंगळसूत्र, चांदीची भांडी, सगळ्याची वजनासह यादी करा. परत घेताना सराफाकडे वजन करून, दोन साक्षीदारांसमोर पोच लिहा. "सर्व स्त्रीधन मिळाले" हे वाक्य हातात दागिने आल्याशिवाय मसुद्यात जाऊ देऊ नका. आम्ही या एका ओळीसाठी तारीख पुढे घेतली, आणि त्याचं मला बरंच वाटतं.

चालू केसेस. प्रत्येकीचा क्रमांक, कोर्ट आणि ती कुणी कधी मागे घ्यायची, असं लिहा. जुनं ४९८ अ (१ जुलै २०२४ नंतरच्या घटनांना भारतीय न्याय संहितेचं कलम ८५) नुसतं मागे घेता येत नाही. ते रद्द करायला उच्च न्यायालयात जावं लागतं. पुण्याचं उच्च न्यायालय मुंबईच. कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालं तरी त्यात पुणे जिल्हा नाही. तिथे संमतीचं शपथपत्र कुणी कधी द्यायचं ते अटींत हवं, नाहीतर पैसे मिळाले पण केस तशीच, किंवा केस रद्द पण पैसे अडकलेले, असं होतं.

७. कोर्टातला दिवस

कौटुंबिक न्यायालयाची इमारत शिवाजीनगरला, जिल्हा न्यायालयाजवळ. गाडी आणू नका, पार्किंग शोधता शोधता पुकारा होऊन जाईल. सिव्हिल कोर्टच्या मेट्रो स्टेशनवर दोन्ही मार्गिका येतात, तिथून चालत जा.

अर्ज दाखल झाला की सोळा अक्षर-अंकी सीएनआर क्रमांक मिळतो. ई-कोर्ट्सच्या अॅपमध्ये तो टाकला की पुढची तारीख आणि रोजनामा (त्या तारखेला कोर्टात काय झालं त्याची नोंद) दिसतो. वकिलाच्या कारकुनाला रोज फोन करायची गरज उरत नाही. आदल्या रात्री तारीख तपासा, सकाळी बोर्डावर आपला नंबर बघा. मूळ ओळखपत्र, पाण्याची बाटली आणि वाचायला काहीतरी बरोबर ठेवा. पुकाऱ्याला गैरहजर राहिलात तर अर्ज निकाली निघू शकतो.

समुपदेशकाकडे पाठवतात. संमतीच्या प्रकरणातही हे होतं, कारण समेटाचा प्रयत्न करणं हे कायद्याने कोर्टाचंच काम आहे. दोघांना वेगवेगळं आणि एकत्र बोलावतात, अटी दबावाखाली तर मान्य केल्या नाहीत ना, हे विचारतात. तिथे जुनी उणीदुणी काढून काही मिळत नाही. काय ठरलंय ते शांतपणे सांगा. आईवडिलांना सोबत आणलंत तर त्यांना बाहेर बाकावर बसवा. सुनावणी बंद खोलीत व्हावी असं वाटलं तर दोघांपैकी एकाने मागितलं तरी पुरतं.

मे आणि दिवाळीच्या सुट्ट्यांत नेहमीचं कामकाज थांबतं, तारखांचा हिशेब करताना ते धरा.

८. समोरून नोटीस आली असेल तर

पोस्टमनला "घेत नाही" म्हणू नका. नाकारलेलं समन्स मिळाल्यासारखंच धरतात, आणि मग एकतर्फी निकाल लागतो. तारखेला हजर व्हा, वकीलपत्र द्या, लेखी म्हणणं मुदतीत दाखल करा.

केस चालू असताना कलम २४ खाली अंतरिम पोटगी आणि केसचा खर्च मागता येतो. २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून दोघांनाही मालमत्ता आणि देण्यांचं सविस्तर शपथपत्र द्यावं लागतं. इथे पगार लपवणं किंवा खर्च फुगवणं अंगाशी येतं, कारण बँक स्टेटमेंट समोरचा काढतोच. त्याच निकालाप्रमाणे पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरतात, म्हणून अर्ज उशिरा करण्यात तोटा आहे.

पुराव्यांबद्दल: पती-पत्नीमधलं एकमेकांच्या नकळत रेकॉर्ड केलेलं संभाषण वैवाहिक खटल्यात पुरावा म्हणून येऊ शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सांगितलं. पण मूळ फोन जपून ठेवा. नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं, प्रमाणपत्र जोडावं लागतं. जोडीदाराचं ईमेल फोडणं किंवा फोनमध्ये हेरगिरीचं अॅप टाकणं हा वेगळा विषय आहे, तिथे तुम्हीच आरोपी व्हाल.

९. मारहाण होत असेल तर हा लेख बाजूला ठेवा

आधी ११२ किंवा महिला हेल्पलाइन १८१. पुणे पोलिसांचा भरोसा सेल (कौटुंबिक तक्रारींसाठीचा मदत कक्ष) आहे. सरकारी दवाखान्यात तपासणी करून कागद घ्या. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात संरक्षण, राहण्याचा हक्क आणि खर्च या तिन्हींसाठी एकाच अर्जात मागणी करता येते, संरक्षण अधिकारी मदत करतात. घर सासूसासऱ्यांच्या नावावर आहे म्हणून "नीघ" म्हणता येतंच असं नाही. संसार जिथे झाला त्या घरात राहण्याचा हक्क कोर्ट तपासतं. निघावंच लागलं तर मुलं आणि कागदांची फाइल सोबत घ्या. पोलिस चौकीत समझोता म्हणून पुढे केलेल्या कागदावर त्याच दिवशी सही करायची काही सक्ती नसते.

१०. एक जण परदेशात असेल तर

पुण्यात हे फार. इथलं लग्न आणि तिथला घटस्फोट, असं झालं तर तो इथे मानला जाईलच असं नाही. १९९१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाप्रमाणे परदेशी कोर्टाचं अधिकारक्षेत्र आणि कारण दोन्ही आपल्या कायद्यात बसायला हवं, किंवा समोरच्याने तिथे खुशीने हजर राहून दाद स्वीकारलेली हवी. तिथून समन्स आलं तर गप्प बसू नका आणि विचार न करता हजरही होऊ नका. आधी इथल्या वकिलाला दाखवा. इथे संमतीचा अर्ज करायचा असेल तर कुलमुखत्यारपत्र आणि व्हिडिओ कॉन्फरन्सची परवानगी मागता येते. मुखत्यारपत्र तिथल्या भारतीय दूतावासातून करून घ्या, आणि जमलं तर निदान एका तारखेला प्रत्यक्ष या.

११. हुकूमनामा हातात आल्यावर

नक्कल विभागातून प्रमाणित प्रती घ्या, एक नव्हे चार-पाच. घेतल्या घेतल्या नावांची स्पेलिंग, लग्नाची तारीख आणि अटी जोडल्यात का, हे तिथेच तपासा. चूक दुरुस्त करायचा अर्ज लगेच सोपा जातो.

दुसऱ्या लग्नाचा विचार असेल तर संमतीच्या हुकूमनाम्याला अपील नसतं. भांडणाच्या निकालानंतर मात्र अपिलाची नव्वद दिवसांची मुदत संपू द्या, आणि अपील झालं नाही याची खात्री करा.

मग कंटाळवाणी पण टाळू नये अशी कामं. पीएफ, बँक, विमा, म्युच्युअल फंड, डीमॅट इथले नॉमिनी बदला. कंपनीच्या आरोग्य विम्यातून जोडीदाराचं नाव जातं, म्हणून स्वतःची पॉलिसी हुकूमनाम्याच्या आधीच घ्या. नव्या पॉलिसीत जुन्या आजारांना प्रतीक्षाकाळ असतो. मुलाचं नाव कुणाच्या पॉलिसीत ते अटींत असलं पाहिजे. मृत्युपत्र केलेलं असेल तर नवं करा.

आडनाव बदलायची सक्ती नाही. माहेरचं परत लावायचं असेल तर राजपत्रात नावबदल, मग आधार, पॅन, बँक, पासपोर्ट अशा क्रमाने जा. मुलाच्या शाळेत वेगळं आडनाव दिसतं म्हणून कुणी भुवया उंचावतं, ते चालायचंच.

भाड्याने घर घेताना लिव्ह अँड लायसन्स करार स्वतःच्या नावावर आणि नोंदणीकृतच करा; पत्त्याचा पुरावा म्हणून तो सगळीकडे चालतो. घरमालक "मिस्टर काय करतात?" विचारतील. "मी एकटी आणि मुलगा" एवढंच सांगायचं, हुकूमनाम्याची प्रत दाखवायची नाही. रेशनकार्डातून नाव कमी करून नव्या पत्त्यावर लावायला प्रमाणित प्रत आणि हाच भाडेकरार लागतो, तेव्हा दोन्ही कामं एकाच आठवड्यात उरका.